क्रूझवर असताना स्कूबा डायव्हिंग: कोझुमेल, ग्रँड केमन आणि जहाजाचं घड्याळ

दर्यापार:

क्रूझच्या धाग्यांमध्ये स्कूबाचा प्रश्न सारखा निघतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून हा वेगळा धागा. फ्लोरिडा किंवा टेक्ससहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या पश्चिम कॅरिबियन क्रूझपुरतंच बोलू: कोझुमेल (मेक्सिकोचं बेट), ग्रँड केमन, रोआतान (होंडुरासचं बेट), बेलीझ. व्हिसाची चर्चा कृपया इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

आधी गट ठरवा. तुमच्याकडे ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स पूर्ण केल्याचं, कार्ड आहे की नाही? नसेल तर तुमच्यासाठी 'डिस्कव्हर स्कूबा' हा एकच मार्ग. तासभर माहिती, कमरेएवढ्या पाण्यात चार गोष्टींचा सराव, मग प्रशिक्षकाच्या हाताच्या अंतरात राहून एक डाइव्ह. पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या नियमाने खोलीची मर्यादा १२ मीटर, किमान वय १० वर्षं. प्रत्यक्षात बहुतेकांना ६ ते ९ मीटरवरच फिरवतात आणि ते पुरेसं असतं. कार्ड असेल तर १८ मीटरपर्यंत, ॲडव्हान्स्ड असेल तर ३० मीटरपर्यंत, आणि एका बंदरात साधारणपणे दोन टाक्यांची, म्हणजे दोन डाइव्हची, सहल.

आता मुख्य मुद्दा. क्रूझवरच्या डाइव्हचा आराखडा पाण्याच्या खोलीपासून सुरू होत नाही. जहाजावर परत चढायच्या वेळेपासून उलटं मोजत यायचं. कोझुमेलचं उदाहरण घ्या. जहाज ८ ला लागतं, ५ ला सुटतं, म्हणजे चढायची शेवटची वेळ साधारण ४:३०. जिना उघडून धक्क्याबाहेर पडेपर्यंत ८:३०. डाइव्हची बोट ९ ला. पालांकारच्या खडकांपर्यंत वेगवान बोटीने ४० मिनिटं, पहिली डाइव्ह ४५, वर तासभर विश्रांती, दुसरी डाइव्ह ५०, परत ३५ ते ४० मिनिटं. बेरीज होते पावणेचार ते चार तास. म्हणजे १ च्या सुमारास धक्क्यावर. वाटेत काही अडलं तर २. हातात अडीच तास उरतात. दोन तासांपेक्षा कमी उरत असतील तर एकाच टाकीवर भागवा किंवा त्या बंदरात डाइव्ह ठेवूच नका.

दुपारी १२ ला लागून ६ ला सुटणारं जहाज कागदावर सहा तास देतं, पण दोन टाक्यांना ते अपुरं आहे. बुकिंग करण्याआधी बंदरातले तास बघा, तिकिटाची किंमत नंतर.

पोपटपंची_नको:

उत्तम धागा. एक प्रश्न. मालवणला आणि गोव्याला ग्रँड आयलंडला स्कूबा केलंय अशा लोकांना तिथे 'अनुभवी' धरतात का?

अर्धीटाकी:

नाही. मालवणला पर्यटकांना जे करवतात त्यात मदतनीस तुमची टाकी किंवा बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) मागून धरून असतो. हवा भरणं-सोडणं तोच करतो, खोली बहुधा पाच-सहा मीटर. फोटो आणि व्हिडिओ मिळतो, कार्ड मिळत नाही. तो अनुभव वाईट नाही, पाण्याखाली तोंडाने श्वास घ्यायची भीती जाते. पण क्रूझच्या फॉर्मवर 'सर्टिफाइड' च्या रकान्यात खूण करू नका. बोटीवर कार्ड मागतात, नसेल तर उतरू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

कार्ड हवंच असेल तर निघायच्या आधी घ्या. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे तिथे, गोव्यात किंवा अंदमानात तीन-चार दिवसांत ओपन वॉटर होतं. पावसाळ्यात कोकणकिनारा बंद असतो हे लक्षात ठेवून तारखा काढा.

अमेरिकेत राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: रेफरल. पुस्तकी भाग आणि तरण तलावाचा भाग गावातल्या दुकानात पूर्ण करायचा, कागद घ्यायचे आणि समुद्रातल्या चार डाइव्ह दुसरीकडे करायच्या. हे कागद १२ महिने चालतात. पण गोम अशी की त्या चार डाइव्ह एका दिवसात संपवता येत नाहीत, किमान दोन दिवस लागतात. म्हणजे दोन बंदरं, दोन वेगळे प्रशिक्षक आणि हवामानाने एक बंदर रद्द केलं की कोर्स अर्धवट. क्रूझवर हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत.

आणि जाता जाता: टाकीत ऑक्सिजन नसतो. आपल्या बातम्यांत नेहमी 'ऑक्सिजन सिलिंडर लावून' असं छापतात. ती साधी, गाळलेली, दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरखाली श्वासात घेतला तर झटके येऊ शकतात.

खडकवासी:

जहाजाच्या काउंटरवरून सहल घ्यावी की बाहेरच्या बोटवाल्याकडे थेट नोंदवावं, यावर वाद होणारच आहे, म्हणून मीच सुरू करतो. बाहेरचा घ्या.

जहाजाच्या सहलीत पंधरा-वीस जण एका मोठ्या, संथ बोटीवर असतात. नवखे आणि जुने एकत्र. गटातल्या ज्याची हवा आधी संपते त्याच्याबरोबर पुष्कळदा सगळा गट वर येतो. बोट संथ असल्यामुळे दूरच्या पालांकार किंवा कोलंबिया या खडकांऐवजी जवळच्या उथळ खडकांवर नेतात. बाहेरच्या लहान बोटीवर सहा ते आठ जण, डाइव्हमास्टर (गटाचा वाटाड्या) एक, आणि ज्याची हवा आधी संपली त्याला तो खुणेच्या फुग्याबरोबर वर पाठवतो, बाकीचे खाली राहतात.

सुमा_टँपा:

अर्धवट सहमत. जहाजाच्या सहलीला एक गोष्ट आहे जी बाहेरच्याकडे नाही: त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी तेच घेतात. बाहेरून गेलात आणि चुकलं, तर विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खिशातून.

माझा हिशेब असा. कोझुमेलला, जहाज आठ-नऊ तास असेल तर बाहेरचा. ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी ने-आण होते. तिथे जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी उतरवतात आणि बाकीच्यांना चिठ्ठी घेऊन रांगेत बसावं लागतं, तासभरही जाऊ शकतो. तिथे जहाजाची सहल किंवा उतरतो त्या जॉर्ज टाउन गावाच्या किनाऱ्यावरूनच उतरता येणारी जागा. शिवाय केमनला परतीची वेळ म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे, शेवटची ने-आण बोट सुटायची वेळ.

आता घड्याळ. हे नीट वाचा, जहाज चुकण्याचं हे ठरलेलं कारण आहे. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे ते २०१५ पासून बारा महिने एकाच वेळेवर चालतं, उन्हाळी वेळ पाळत नाही. म्हणजे हिवाळ्यात फ्लोरिडा आणि कोझुमेल सारखे. उन्हाळ्यात फ्लोरिडा एक तास पुढे. जहाजाने आपलं घड्याळ फ्लोरिडाच्या वेळेवरच ठेवलं असेल तर किनाऱ्यावर ३:३० वाजलेले असताना जहाजावर ४:३० झालेले असतात. फोन आपोआप स्थानिक वेळ पकडतो आणि तोच घात करतो. होंडुरास आणि बेलीझ आणखी एक तास मागे, म्हणजे उन्हाळ्यात जहाजापेक्षा दोन तासांचा फरक. गॅल्व्हेस्टनहून सुटणाऱ्या जहाजांचं उलटं: उन्हाळ्यात कोझुमेलशी जुळतात, हिवाळ्यात कोझुमेल तासाने पुढे.

काही जहाजं घड्याळ बदलतात, काही नाही. रोज रात्री खोलीत येणाऱ्या कागदावर किंवा ॲपमध्ये ते लिहिलेलं असतं. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, त्याला हात लावू नका आणि बोटवाल्याला लेखी विचारा, 'तुमची ९ ची वेळ स्थानिक की जहाजाची?'

दर्यापार:

सुमाताईंशी सहमत. त्याच कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टच्या पानाचाही. आणि कोझुमेलला तीन वेगळे धक्के आहेत: गावातला पुन्ता लांगोस्ता, आणि दक्षिणेला इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया. तुमचं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार हे बोटवाल्याला आधी कळवलं तर तो जवळच्या जेटीवरून घेतो. नाहीतर टॅक्सीत वीस मिनिटं जातात.

अवखळ_वारा:

वाचतोय. आईबाबांना डिस्कव्हर स्कूबा करायचं आहे. बाबा ५८, रक्तदाबाची गोळी रोज. चालेल का?

अर्धीटाकी:

चालेल की नाही हे त्यांचा डॉक्टरच सांगेल आणि ते निघायच्या आधी सांगायला हवं. बोटीवर एक आरोग्याचा फॉर्म देतात. त्यात दहा प्रश्न असतात: दमा, हृदय, फिट्स, शस्त्रक्रिया, चालू औषधं, ४५ च्या पुढचं वय वगैरे. काही प्रश्नांना 'हो' म्हटलं की पुढच्या रकान्यात आणखी प्रश्न, आणि तिथेही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. सही नसेल तर प्रशिक्षक पाण्यात उतरवत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. धक्क्यावर सही देणारा डॉक्टर मिळत नाही.

हा फॉर्म जालावर सहज मिळतो. छापा, भरा, घरच्या डॉक्टरकडून सही-शिक्का घ्या, दोन प्रती ठेवा. लोक काय करतात, बोटीवर घाईत सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात. मग काही झालं तर विमाही हात वर करतो.

विम्याचं आलंच आहे तर: क्रूझच्या नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा वगळलेलं असू शकतं किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेलं असतं. पॉलिसीत तो शब्द शोधा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅनचा डाइव्ह अपघाताचा वेगळा विमा असतो, कार्डवाल्यांनी तो घ्यावा.

मासोळी_२२:

कानाबद्दल कुणीतरी लिहा प्लीज. पहिल्यांदा जाणाऱ्यांचं सगळ्यात जास्त तिथेच अडतं.

खडकवासी:

बरोबर. पाण्यावर दाब १ बार, १० मीटरवर २ बार. म्हणजे पहिल्या दहा मीटरांतच दाब दुप्पट होतो, पुढच्या दहात फक्त दीडपट. म्हणून कानाचा खरा खेळ वरच्या पाच मीटरांत असतो. तिथे घाई केली की कानाला दडा बसतो, मग कितीही जोर लावा, तो सुटत नाही.

पद्धत: पाण्यात डोकं जायच्या आधीच एकदा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. मग दर हातभर उतरलं की पुन्हा. दुखायची वाट बघायची नाही. पाय खाली, डोकं वर ठेवून उतरायचं, उलटं नाही. दुखलं तर तिथे थांबायचं, मीटरभर वर जायचं, गिळायचं, पुन्हा प्रयत्न. जोरात फुंकणं पूर्ण वर्ज्य, आतल्या कानाला इजा होते.

जहाजावर एसी भणाणत असतो, तीन दिवसांत अर्ध्या लोकांचं नाक चोंदतं. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा कानात किंवा कपाळाच्या पोकळीत अडकते. उतरताना अडलं तर वर जाता येतं. वर येताना अडलं तर हवा संपत आलेली असते.

मासोळी_२२:

आणि बोट लागत असेल तर?

खडकवासी:

आपल्याकडची ॲव्होमीन झोप आणते, पाण्याखाली झोपाळलेलं डोकं नको. जे औषध घ्याल ते आधी घरी जमिनीवर घेऊन बघा, डॉक्टरला 'डाइव्ह करणार' असं सांगून. कानामागची पट्टी काहींना डोळ्यांसमोर धूसर करते. मळमळ सहसा दोन डाइव्हच्या मधल्या तासात होते, बोट एका जागी डुलत असते तेव्हा. तेव्हा फोनमध्ये डोकं घालायचं नाही, क्षितिजाकडे बघायचं, थोडं आलं किंवा बिस्किट. खाली असताना उलटी आलीच तर रेग्युलेटर (टाकीची हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडातून काढायचा नाही. त्यातूनच करायची, मग मधलं बटण दाबून साफ करायचं. किळसवाणं वाटतं पण काढून खोकलात तर पाणी आत जातं.

चौकटराजा_पुणे३०:

मिशी असलेल्यांनी काय करावं? हसू नका, मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून विचारतोय.

दर्यापार:

हसण्यासारखं काही नाही. मास्कची कड नाकाखाली, वरच्या ओठावर बसते. तिथला केसांचा पट्टा अर्धा सेंटिमीटर काढला तरी काम होतं, पूर्ण मिशी उतरवायची गरज नाही. नसेल काढायची तर तिथे सिलिकॉन ग्रीस चोळा. व्हॅसलिन नको, इतर रबरी भागांना लागलं तर रबर खराब करतं. मास्कच्या आत केस गेले तरी गळतं, कपाळावरचे केस बाजूला सारा. आणि गळलं तर गळलं, वरची कड दाबून नाकातून फुंकलं की पाणी खालून निघून जातं. हा सराव डिस्कव्हरवाल्यांनाही करवतात, तो मन लावून करा.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क स्वतःचा न्या. बोटीवर भाड्याने मिळेल या भरवशावर राहू नका. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्क काढायच्या सरावाला डोळे मिटा. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चार-पाच वेळा घासून काढल्याशिवाय धुकं जात नाही.

अर्धीटाकी:

कार्डवाल्यांसाठी हवेचा हिशेब. तिथे सगळीकडे ॲल्युमिनियमची ८० घनफुटी टाकी मिळते, आकारमान ११.१ लिटर, भरल्यावर २०० बार म्हणजे ३००० पीएसआय. आत हवा सुमारे २२०० लिटर. ५० बार राखीव धरले की वापरायला साडेसोळाशे.

वर्षभर न उतरलेला, थोडा घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला २० लिटर ओढतो. २० मीटरवर तिप्पट, म्हणजे ६०. साडेसोळाशे भागिले साठ, २७ मिनिटं. शांत श्वासाचा माणूस १५ लिटरवर, सरासरी १५ मीटर खोलीवर राहिला तर साडेसदतीस लिटर, म्हणजे ४४ मिनिटं. पैसे सारखेच, डाइव्ह दीडपटीहून जास्त. हवा कशात जाते? हात हलवण्यात, कमरेला शिशाचं वजन जास्त लावण्यात, आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारण्यात.

वजनाचं: ३ मिलिमीटरचा वेटसूट आणि खारं पाणी असेल तर शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांपासून सुरुवात करा. ७० किलोला साडेतीन. बीसीडी पूर्ण रिकामा करून, साधा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या रेषेला यायला हवं. भरलेली ॲल्युमिनियमची टाकी शेवटी अडीच किलोंनी हलकी होते आणि वर ओढायला लागते. म्हणून सुरुवातीला तपासत असाल तर दोन किलो वाढवा. नाहीतर शेवटच्या पाच मीटरांवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याला तुम्ही बुचासारखे वर. आणि पट्ट्यावरचे आकडे पौंडात आहेत की किलोत ते विचारा.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत डाइव्ह नसेल तर रिफ्रेशर घरी तलावात उरकून जा. जहाजाच्या सहली शेवटच्या डाइव्हची तारीख विचारतात. कार्ड फोनमध्ये असेल तर स्क्रीनशॉट काढा, बोटीवर नेट नसतं.

निळ्या_पायरीवर:

नायट्रॉक्स घ्यावं का?

अर्धीटाकी:

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा, त्याचं वेगळं कार्ड लागतं. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला, ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायच्या मर्यादेने, खोली ३३ मीटरपर्यंत. दोन दिवस लागोपाठ दोन बंदरांत डाइव्ह असतील तर नायट्रोजन कमी साठतो म्हणून उपयोग आहे. एका दिवसाच्या उथळ डाइव्हला आधी हवा संपते, नायट्रोजनमुळे ठरणारी वेळेची मर्यादा नाही. तेव्हा पैसे वाया.

खडकवासी:

जागांबद्दल थोडं.

कोझुमेल म्हणजे प्रवाहातली डाइव्ह. पाणी सहसा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं, तुम्ही नुसतं तरंगत जायचं, बोट वरून बुडबुड्यांच्या मागे येते. म्हणून सगळ्यांनी एकदम उडी मारायची. एक जण मास्क नीट करत मागे राहिला तर दोन मिनिटांत गट पन्नास मीटर पुढे. चुकलात तर एक मिनिट गोल फिरून शोधा, मग थांबा घेऊन वर या, फुगा फुगवा, बोट येते. घाबरायचं नाही. खडकाला धरून थांबायचं नाही. १९९६ पासून तो राष्ट्रीय सागरी उद्यानाचा भाग आहे. हातमोजे आणि सुरी चालत नाहीत. सनस्क्रीनही नको, लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला. उद्यानाचं रोजचं शुल्क वेगळं असतं, रोख डॉलर जवळ ठेवा.

नवशिक्या कार्डवाल्यांना पॅरडाइज रीफ, साधारण १२ मीटर. तिथे कपारीखाली स्प्लेंडिड टोडफिश शोधा. पिवळ्या काठाचे पर, झेब्र्यासारखं पट्ट्यापट्ट्यांचं डोकं, कोझुमेलची खासियत. टॉर्च लागतो. सांता रोसा ही खडकाची उभी भिंत आहे, खाली निळा काळोख. तिथे खोलीमापकावर नजर ठेवली नाही तर नकळत ३० मीटरच्या खाली सरकता. पुन्ता सूरचा डेव्हिल्स थ्रोट हा बोगदा २६ मीटरला आत शिरून ४० च्या आसपास बाहेर निघतो. क्रूझवरून आलेल्या, वर्षात चार डाइव्ह करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बोटवाला 'हो चला' म्हणाला तरी.

पाणी जानेवारी-फेब्रुवारीत २५-२६ अंश, ऑगस्टमध्ये २९. हिवाळ्यात दुसऱ्या डाइव्हला ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट लागतो, अर्धा नाही.

हिवाळ्यातलं दुसरं दुखणं म्हणजे 'नोर्ते', उत्तरेचा वारा. तो सुटला की बंदर अधिकारी लहान बोटींना बंदी करतात. मोठं जहाज धक्क्याला आरामात लागलेलं असतं आणि तुमची डाइव्ह मात्र रद्द. म्हणून अनामत भरताना दोन वेगळ्या ओळी लेखी घ्या: जहाज आलं नाही तर पैसे परत, आणि जहाज आलं पण बंदर लहान बोटींना बंद असलं तरी परत. पहिली सगळे देतात, दुसरी विचारावी लागते.

सुमा_टँपा:

केमनची भर. धक्क्यापासून दहाएक मिनिटं चालत ईडन रॉक आणि डेव्हिल्स ग्रॉटो. किनाऱ्यावरून शिडीने उतरायचं, खोली १४ मीटरच्या आत, खडकात बोळ आणि कमानी, टार्पन माशांचे चांदीसारखे थवे. बोटीची भानगड नाही, त्यामुळे वेळ तुमच्या हातात.

किटिवेक हे ७६ मीटर लांब जुनं अमेरिकी नौदलाचं जहाज, जानेवारी २०११ मध्ये मुद्दाम बुडवलं. २०१७ च्या वादळात ते कुशीवर कलंडलं. आत शिरल्यावर जमीन आणि भिंत यांची गल्लत होते, डोकं गरगरतं. आधीचे फोटो बघून आत शिरू नका. स्टिंगरे सिटीची, म्हणजे स्टिंगरे मासे जमतात त्या जागेची, डाइव्ह जेमतेम चार मीटरांची, वाळूवर गुडघे टेकून बसायचं, म्हणून नेहमीपेक्षा दोन किलो जास्त लावतात. केमनलाही हातमोजे चालत नाहीत. आणि समुद्र खवळलेला असला तर जहाज जॉर्ज टाउनऐवजी दक्षिणेच्या स्पॉट्सला लोकांना उतरवतं. तेव्हा 'दहा मिनिटं चालत' हे गणित संपलं, टॅक्सी.

अवखळ_वारा:

बेलीझला जहाज थांबतंय. ब्लू होल, समुद्रातला तो गोल निळा खड्डा, करता येईल का? फोटो बघून वेड लागलंय.

खडकवासी:

विसरा. बेलीझ सिटीला जहाज दूर नांगर टाकतं, किनाऱ्यापर्यंतच वीस-पंचवीस मिनिटं. तिथून ब्लू होल सत्तरएक किलोमीटर, बोटीने एका बाजूला दोन तास आणि जास्त. आणि खाली सुळके बघायचे तर ४० मीटरला जावं लागतं, तळाला आठ मिनिटं. ते गोल निळं चित्र विमानातून दिसतं, पाण्यातून नाही.

चौकटराजा_पुणे३०:

डाइव्हनंतर विमान किती तासांनी? चोवीस म्हणतात.

अर्धीटाकी:

डॅनच्या शिफारशी: एकच डाइव्ह, थांबे लागतील इतकी खोल-लांब नसलेली, तर किमान १२ तास. एकाहून जास्त डाइव्ह किंवा लागोपाठ दिवस असतील तर किमान १८. चोवीस ठेवले तर उत्तमच. विमानातला दाब जमिनीवरचा नसतो, सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका असतो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरतो.

सात रात्रींच्या क्रूझवर शेवटचा दिवस बहुधा समुद्रातच जातो, त्यामुळे प्रश्न येत नाही. गफलत होते ती बहामाच्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर. आदल्या दिवशी बेटावर दोन डाइव्ह, पाण्याबाहेर दुपारी ३, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ चं विमान, म्हणजे १७ तास. एक डाइव्ह गाळा किंवा विमान दुपारचं घ्या. हेलिकॉप्टरची सफर किंवा उंच डोंगरावरची सहलसुद्धा यात धरा, लोक फक्त विमानच मोजतात.

दर्यापार:

याला जोडून एक गोष्ट, फक्त क्रूझलाच लागू. बुडबुड्यांच्या आजाराची लक्षणं बहुतेकांना पहिल्या काही तासांत दिसतात: खांदा-कोपर आतून ठणकणं, मुंग्या, अंगावर जांभळट डाग, चक्कर, न शोभणारा थकवा. आणि जहाज ५ वाजता सुटतं! कोझुमेलला उपचाराचा दाबकक्ष आहे, जहाजावर नसतो. जहाजाच्या दवाखान्यात ऑक्सिजन मिळेल, पण उपचार म्हणजे पहिल्या फेरीलाच १८ मीटरच्या दाबापासून सुरू करून मुख्यतः ऑक्सिजनवर पावणेपाच तास, ते किनाऱ्यावरच. 'पाठ अवघडली असेल' म्हणून झोपलात तर सकाळी जहाज भर समुद्रात.

म्हणून सकाळची डाइव्ह घ्या, दुपारची नको. म्हणजे जहाज सुटायच्या आधी तीन-चार तास स्वतःकडे लक्ष ठेवता येतं. शंका आली तर दवाखान्यात लगेच सांगा, ऑक्सिजन मागा, आडवे पडा. डाइव्हनंतर जहाजावरचं गरम जकुझी, सॉना आणि जिम त्या दिवशी नाही. ड्रिंक पॅकेज वसूल करायचा आदला दिवस आणि डाइव्हचा दिवस एक नको. पाणी मात्र भरपूर.

निळ्या_पायरीवर:

सामान काय न्यावं? आणि जहाजावर काय अडवतात?

सुमा_टँपा:

टाकी, भरलेली असो की रिकामी, नेऊ नका. सुरी आणि भाला जप्त होतो. मास्क, स्नॉर्कल, डाइव्ह कॉम्प्युटर, स्वतःचा रेग्युलेटर असेल तर तो, फुगा आणि शिट्टी एवढं पुरे. तिकडे टाक्यांना योक पद्धतीचा नळ असतो, तुमचा रेग्युलेटर डिन या दुसऱ्या पद्धतीचा असेल तर अडॅप्टर न्या. बीसीडी, फिन्स, वजन तिथेच भाड्याने घ्या.

ओलं सामान बाल्कनीच्या कठड्यावर टाकू नका, वाऱ्याने उडतं आणि बहुतेक जहाजांवर मनाई आहे. बाथरूमच्या शॉवरखाली गोड्या पाण्याने धुवा. रेग्युलेटरच्या तोंडाची धूळझाकण लावूनच, नाहीतर पाणी आत जाऊन पुढच्या डाइव्हला गंजाचा वास. शॉवरमध्ये ओढून बांधायची दोरी असते तिच्यावर वाळत घाला. दोन बंदरं लागोपाठ असतील तर वेटसूट वाळत नाही, ओलाच घालावा लागतो. घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की सरकन जातो.

डाइव्हमास्टरला टाकीमागे पाच-दहा डॉलर बक्षिसी, रोख, सुटे.

मासोळी_२२:

शेवटचा प्रश्न. नवरा डाइव्ह करणार, मला पाण्याखाली जायचं नाही. त्याच बोटीवर बसून स्नॉर्कलिंग करता येईल का?

खडकवासी:

कोझुमेलला बोटीवर बसता येतं, काही जण थोडे पैसे घेऊन बसवतात. पण ती बोट प्रवाहाबरोबर डायव्हरांच्या मागे जात असते. तुम्ही वरून स्नॉर्कल केलं तर तुमच्यावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस लागतो आणि भिंतीच्या डाइव्हला वरून काहीच दिसत नाही. आधी विचारून, दुसरी डाइव्ह उथळ असेल तिथेच उतरा, भडक रंगाचं जॅकेट घालून. बोट लागत असेल तर अजिबात नको, चार तास उन्हात डुलावं लागतं.

केमनला ईडन रॉक बरं. नवरा खाली, तुम्ही त्याच्याच डोक्यावर, वरून सगळं स्वच्छ दिसतं, आणि कंटाळा आला की शिडी चढून बाहेर.